उभ्या गाडीचा खर्च

मोटारीची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते, या तक्रारीचे निदान वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नाही. तरीही चिकाटीची जितकी कसोटी या कामात लागते तितकी इंजिन उघडून बसवतानाही क्वचितच लागते. इंजिनातील बिघाड आवाजावरून कळतो, ब्रेकमधील बिघाड पायाला जाणवतो. बॅटरी मात्र रिकामी होते ती गाडी कुलूपबंद उभी असताना, जवळ कोणी नसताना, आणि तपासणारा माणूस येऊन दार उघडतो, बॉनेट वर करतो, तेव्हा ज्या स्थितीत वीज निसटत होती ती स्थितीच मोडलेली असते. म्हणून या कामात हत्यारे चालवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व गाडीला हात न लावता थांबण्याला आहे, आणि गॅरेजच्या रोजच्या घाईत नेमके तेच मागे पडते.

या घाईमुळे उतरलेली बॅटरी हीच बिघडलेली बॅटरी समजली जाते. दहा नंबरच्या पान्याने दोन्ही टर्मिनल सैल केले आणि खालची पकड काढली की जुनी बॅटरी बाहेर येते व नवी बसते. एवढ्या थोड्या श्रमात गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, मालकाचे समाधान होते, आणि जुन्या बॅटरीचे भंगाराचे पैसे वजा झाल्यामुळे बिलही सुसह्य वाटते. परंतु वीज कोठे जात होती हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. नव्या बॅटरीत साठा भरपूर असल्याने गळती काही काळ झाकली जाते, मग तीही उतरू लागते, आणि अशा प्रत्येक खोल उतरणीबरोबर तिच्या आयुष्याचा एक हिस्सा कायमचा जातो. मालकाला वाटते की मालच खराब निघाला. हमीपत्र घेऊन तो विक्रेत्याकडे जातो, विक्रेता बॅटरी चार्ज करून तपासतो, ती ठीक निघते, आणि तक्रार दोन दुकानांच्या मध्ये लोंबकळत राहते. या व्यवसायात ज्यांनी वर्षे काढली आहेत अशा वायरमनांचा अनुभव असा की, वारंवार उतरणारी बॅटरी हा दोषाचा पुरावा म्हणूनच आधी हाताळावा. तिच्यावर आरोप ठेवण्याची वेळ नंतर येते आणि पुष्कळदा येतही नाही.

शिसे व आम्ल यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये तयार केली. कामिय फोर याने १८८१ मध्ये शिशाच्या संयुगांचा लगदा फासलेल्या पट्ट्या वापरून तिची साठवणशक्ती वाढवली. आणि चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत बसवला गेल्यानंतर बॅटरी मोटारीपासून वेगळी करता येईनाशी झाली. मूळ रसायन आजही तेच आहे. धन पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये पातळ गंधकाम्ल असते. बॅटरी वीज देत असताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होत जाते, आणि चार्ज करताना ही क्रिया उलट दिशेने घडते. असे सहा घट एकमेकांना जोडलेले असतात व प्रत्येकाचे व्होल्टेज सुमारे २.१ असते, म्हणून पूर्ण भरलेल्या आणि काही तास विसावलेल्या बॅटरीच्या टोकांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट मिळतात. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ पडून राहिली, तर मात्र सल्फेटचे बारीक कण वाढून त्यांचे मोठे व कठीण स्फटिक बनतात, ते चार्जिंगला दाद देत नाहीत, आणि पट्टीचा तेवढा भाग निकामी होतो. या प्रक्रियेला सल्फेशन म्हणतात. एखाद्या गाडीची बॅटरी महिनाभर रोज थोडीथोडी उतरत असेल आणि मालक रोज शेजारच्या गाडीवरून केबल लावून काम चालवत असेल, तर निदान होईपर्यंत मूळची निर्दोष बॅटरीही खरोखरच सदोष झालेली असते. कारण आणि परिणाम यांची ही गुंतागुंत या कामात पदोपदी भेटते.

बॅटरीचा साठा अँपिअर-तास या एककात सांगतात. लहान पेट्रोल गाडीत साधारणपणे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे नवी असताना तिच्यातून १.७५ अँपिअरचा प्रवाह सलग वीस तास घेता येतो. सर्वांत जास्त वीज स्टार्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील सेल्फ, खातो असे बहुतेकांना वाटते, कारण तो शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. पण तो हा प्रवाह एक-दोन सेकंदच ओढतो, आणि दीडशे अँपिअर दोन सेकंद वाहिले तरी एका अँपिअर-तासाचा जेमतेम बारावा भाग खर्ची पडतो. याउलट डिकीत नकळत पेटता राहिलेला पाच वॅटचा दिवा फक्त ०.४ अँपिअर घेतो, परंतु चोवीस तास घेतो, आणि त्या एका दिवसात सुमारे दहा अँपिअर-तास फस्त करतो; एवढ्या विजेत गाडी शंभराहून अधिक वेळा सुरू करता आली असती. गाडीतील विजेचा विचार वाण्याच्या जमाखर्चाच्या वहीसारखा केला, तर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर ही जमा, चालत्या व उभ्या गाडीतील उपकरणे हा खर्च आणि बॅटरी ही केवळ शिल्लक ठरते. शिल्लक घटली म्हणून वहीच बदलणे हा हिशेब तपासण्याचा मार्ग नव्हे.

निदानाची सुरुवात मीटरने होत नाही, प्रश्नांनी होते, आणि त्यांतील पहिला प्रश्न असा की गाडी किती वेळ उभी राहिली म्हणजे सुरू होत नाही. गाडी सुरू होण्यासाठी बॅटरीत निदान निम्मा साठा उरला पाहिजे असे ढोबळमानाने धरले, तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत उभ्या गाडीला खर्चायला सतरा-अठरा अँपिअर-तास मिळतात. संध्याकाळी बिनतक्रार चालू असलेली गाडी सकाळी मृतवत सापडत असेल, तर दहा तासांत एवढा साठा संपला असे ठरते, म्हणजे कोठेतरी पावणेदोन अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह वाहत आहे. ब्रेकच्या पेडलचा स्विच अडकून मागचा एकवीस वॅटचा एक दिवा पेटता राहिला, तरी नेमका एवढा प्रवाह जातो. तीन दिवसांनी बॅटरी बसत असेल, तर गळती पाव अँपिअरच्या आसपास येते, जी दिव्यासारखी डोळ्यांना दिसत नाही आणि बहुधा एखाद्या जाग्या राहिलेल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची किंवा बाहेरून बसवलेल्या उपकरणाची असते. तीन आठवडे गाडी जागची हललीच नसेल आणि मग सुरू होत नसेल, तर हिशेब पस्तीस मिलिअँपिअरच्या जवळ येतो, म्हणजे एका अँपिअरच्या हजार भागांपैकी पस्तीस. आणि एवढा खर्च तर निर्दोष गाडीचाही असतो. गाडीजवळ न जाता, केवळ मालकाच्या एका उत्तरावरून शोधाचे क्षेत्र इतके आवळता येते, हे या कामातील मोठे समाधान आहे. अर्थात बॅटरी जुनी होऊन तिची धारणाशक्ती अर्ध्यावर आली असेल, तर वरील सगळे कालावधीही अर्ध्यावर येतात, ही अट विसरता येत नाही.

दुसरा प्रश्न तक्रार केव्हापासून सुरू झाली हा, आणि तिसरा, त्याच्या आधी गाडीवर काय काम झाले हा. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मालक सहसा ‘काही नाही’ असे देतो, कारण रिव्हर्स कॅमेरा बसवणे, नवी म्युझिक सिस्टिम घालणे, डेंटिंग-पेंटिंग करून घेणे या गोष्टींचा बॅटरीशी संबंध असेल असे त्याला वाटत नाही. गाडी रोज चालवणारा ड्रायव्हर किंवा घरातील दुसरे माणूस जवळ असेल तर तेच सांगते की दिवाळीआधी डॅशकॅम बसवला आणि त्यानंतर त्रास सुरू झाला. अनुभवी वायरमन म्हणूनच हा प्रश्न एकदा विचारून थांबत नाही. तो वेगवेगळ्या शब्दांत आणि वेगवेगळ्या माणसांना विचारतो.

त्यानंतर बॅटरीची स्वतःची परीक्षा येते, आणि तिची पूर्वअट अशी की बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असावी. उतरलेल्या बॅटरीवर दिलेला निकाल ग्राह्य धरता येत नाही. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीच्या टोकांवर वरवरचा भार असतो, म्हणजे पट्ट्यांच्या पृष्ठभागाजवळ तात्पुरते वाढलेले व्होल्टेज, आणि ते हेडलाइट काही मिनिटे लावून उतरवल्याशिवाय मीटरवरचा आकडा खरा नसतो. विसावलेल्या बॅटरीवर १२.४ व्होल्ट म्हणजे सुमारे पाऊण साठा, १२.२ म्हणजे निम्मा, आणि १२ म्हणजे तळाशी उरलेला पाव भाग. अर्ध्या व्होल्टच्या या चिंचोळ्या पट्टीत बॅटरीचे सारे बरेवाईट सामावलेले असल्याने स्वस्त, चुकीचा आकडा दाखवणारा मीटर येथे सरळ दिशाभूल करतो. पाणी घालता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने आम्लाची विशिष्ट घनता पाहता येते. भरलेल्या घटात ती १.२६ ते १.२८ च्या आसपास असते, उष्ण प्रदेशांसाठीच्या बॅटऱ्यांत किंचित कमी ठेवलेली असते, आणि आकड्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे सहाही घटांतील साम्य. पाच घट सारखे आणि एक बराच खाली असेल, तर तो घट गेला, आणि अशा बॅटरीला बदलण्याखेरीज इलाज नाही. बंद प्रकारच्या बॅटरीवरील हिरवा डोळा एकाच घटाची स्थिती दाखवतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवणे योग्य नाही. शेवटी भार देऊन पाहिले जाते: बॅटरीच्या घोषित शीतप्रारंभ क्षमतेच्या, म्हणजे थंडीत इंजिन सुरू करण्यासाठी ती देऊ शकेल अशा प्रवाहाच्या, निम्मा प्रवाह पंधरा सेकंद घेतला असता व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये.

जमेची बाजू तपासायला त्या मानाने कमी वेळ लागतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले म्हणजे अल्टरनेटर, ज्याला जुने कारागीर अजूनही डायनामो म्हणतात, आपले काम करीत आहे. हेडलाइट, पंखा व काच तापवणारी तार एकदम लावूनही आकडा फारसा ढळू नये. अलीकडच्या कित्येक गाड्यांत चार्जिंग संगणकाच्या हुकमावर चालते आणि बॅटरी भरलेली असताना ते मुद्दाम कमी केले जाते, त्यामुळे अशा गाडीत १२.८ व्होल्ट दिसले तर लगेच अल्टरनेटर उतरवण्याचे कारण नाही. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी मात्र पाहिलीच पाहिजे. सेल्फ मारताना या पट्टीच्या दोन टोकांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही आणि दोष विनाकारण बॅटरीच्या माथी येतो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील खाऱ्या, दमट हवेत राहणाऱ्या गाड्यांत हे इतक्या वेळा आढळते की तेथील कारागीर पुढच्या कोणत्याही तपासणीआधी ही पट्टी खोलून, घासून, पुन्हा आवळतात.

बॅटरी सुदृढ आणि चार्जिंग योग्य ठरल्यावर उरतो तो उभ्या गाडीचा खर्च, आणि या निबंधाचा खरा विषय येथून सुरू होतो. तीसेक वर्षांपूर्वीच्या गाडीत इग्निशन बंद केल्यानंतर फार तर घड्याळ चालू राही. त्या काळची पद्धत अशी की ऋण टर्मिनल काढून त्याच्या आणि केबलच्या मध्ये एक दिवा जोडायचा. तो पेटला तर गळती आहे, न पेटला तर नाही. काही जण तर केबल टेकवून ठिणगी उडते का एवढेच पाहत, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो हे लक्षात घेता ती सवय धोक्याची होती. आजच्या गाडीत ही पद्धत निरुपयोगी झाली आहे. इंजिन, दारांची कुलुपे, एअरबॅग, स्टिअरिंग, म्युझिक सिस्टिम अशा प्रत्येक व्यवस्थेला स्वतंत्र नियंत्रक असतो, हे नियंत्रक तारांच्या एका सामाईक जाळ्यावरून एकमेकांशी बोलत असतात, आणि गाडी कुलूपबंद झाल्यावर ते एकाएकी बंद न होता क्रमाक्रमाने निद्रावस्थेत जातात. सुरुवातीला कित्येक अँपिअर असलेला प्रवाह पायरीपायरीने उतरतो आणि काही मिनिटांनी, काही गाड्यांत अर्ध्या-पाऊण तासाने, वीस ते पन्नास मिलिअँपिअरवर स्थिरावतो. रिमोटची हाक ऐकणारा ग्राहक, चोरीविरोधी यंत्रणा आणि नियंत्रकांची स्मृती यांचा तो वाजवी निर्वाहखर्च असतो.

या झोपेचे भान न ठेवता मीटर जोडला तर दोन परस्परविरुद्ध चुका संभवतात. पहिली अशी की गाडी जागी असतानाचा दोन-तीन अँपिअरचा आकडा पाहून गळती सापडली असे समजून एकेक फ्यूज काढायला सुरुवात होते. प्रत्येक फ्यूज काढताना आणि परत बसवताना एखादा नियंत्रक दचकून जागा होतो, त्याच्यामागून सारे जाळे जागे होते, आणि तपासणारा स्वतःच निर्माण केलेल्या प्रवाहाचा पाठलाग करीत बसतो. दुसरी चूक अधिक सूक्ष्म आणि अधिक नुकसानकारक आहे. पुष्कळदा गळतीचे कारण असे असते की एखादा नियंत्रक अडकून पडला आहे आणि झोपायला तयार नाही. मीटर लावण्यासाठी बॅटरीची केबल क्षणभर जरी काढली तरी त्या नियंत्रकाचा वीजपुरवठा तुटतो, तो पहिल्यापासून नव्याने सुरू होतो, आणि या वेळी मुकाट्याने झोपतो. मीटरवर तीस मिलिअँपिअर दिसतात, गाडी निर्दोष म्हणून परत जाते, आणि आठवड्याने तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. मोजण्याच्या कृतीनेच मोजायची गोष्ट पुसली गेलेली असते.

म्हणून मीटर जोडण्याची रीत ठरलेली असावी लागते. ऋण टर्मिनल सैल करण्यापूर्वी टर्मिनल आणि केबल यांच्यामध्ये एक जाड पर्यायी तार लावायची, त्या तारेतून वीजपुरवठा अखंड राहू द्यायचा, मग मीटर दहा अँपिअरच्या खोबणीत जोडून दोन्ही बाजूंना पकडायचा आणि सर्वांत शेवटी ती पर्यायी तार काढायची, म्हणजे गाडीला काही बदलल्याचा पत्ता लागत नाही. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, कारण त्या प्रवाहात मीटरचा फ्यूज जळतो. ज्याच्याजवळ एकदिश प्रवाह मोजणारा चिमटा-मीटर आहे त्याचे काम आणखी सोपे होते. एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारा हा मीटर तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून प्रवाह सांगतो, त्यामुळे काहीच तोडावे लागत नाही. फक्त तो मिलिअँपिअर मोजण्याइतका संवेदनशील असला पाहिजे, आणि बाजारातील स्वस्त चिमटा-मीटर तसे नसतात. दार उघडे ठेवून आत पोचायचे असेल तर दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद अवस्थेत आणतात, म्हणजे गाडीला दार लागलेले वाटते. बॉनेटच्या कडीचेही तसेच. किल्ली खिशात घेऊन गाडीजवळ बसायचे नाही, कारण बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या जवळची किल्ली ओळखून जाग्या राहू शकतात. त्यानंतर गाडी लॉक करायची आणि तासभर तिच्याकडे फिरकायचेही नाही.

हा तास गॅरेजच्या अर्थव्यवस्थेत बसत नाही, हे या व्यवसायाचे खरे दुखणे आहे. मजुरी हाताच्या हालचालीची मिळते. सुटा भाग बदलला तर त्याचे बिल होते, पण गाडीशेजारी न बोलता थांबलेल्या वेळाचे बिल मालकाला दाखवता येत नाही आणि दाखवले तर त्याला ते पटत नाही. परिणामी जो कारागीर नीट निदान करतो त्याची कमाई, जो सरळ बॅटरी बदलतो त्याच्यापेक्षा कमी होते. मालकांनी निदानाचे शुल्क स्वतंत्रपणे देण्याची सवय लावून घेतली, तर अनावश्यक बॅटऱ्यांवरचा खर्च वाचेल आणि वाचलेल्या रकमेत ते शुल्क सहज बसेल, हे ठामपणे म्हणता येते.

गाडी झोपल्यानंतरही प्रवाह पाव-अर्धा अँपिअर राहिला, तर तो कोणत्या शाखेतून जातो हे शोधायचे असते, आणि फ्यूज न काढता ते शोधण्याची युक्ती विद्युतशास्त्राच्या सर्वांत साध्या नियमावर उभी आहे. ओहमच्या नियमानुसार रोध असलेल्या प्रत्येक वाहकातून प्रवाह गेला की त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक पडतो. फ्यूज हाही एक वाहकच आहे आणि त्याच्या पाठीवर मीटरची टोके टेकवण्यासाठी दोन उघडे धातूचे ठिपके ठेवलेले असतात. दहा अँपिअरच्या लहान पात्यासारख्या फ्यूजचा रोध सात-आठ मिलिओहमच्या आसपास असतो, म्हणून त्याच्यावर एक मिलिव्होल्ट दिसला तर सुमारे सव्वाशे ते दीडशे मिलिअँपिअर प्रवाह त्या शाखेतून वाहत आहे असे समजावे. ज्या फ्यूजवर शून्य आहे तो सोडून पुढे जायचे. अशा रीतीने पन्नासेक फ्यूज काही मिनिटांत तपासून होतात आणि गाडीची झोप मोडत नाही. दोषी शाखा कळली की तिच्यावर काय काय जोडलेले आहे हे वायरिंगच्या आराखड्यातून पाहायचे आणि एकेक उपकरणाचा जोड सोडवत जायचे.

कोणत्याच फ्यूजवर काही दिसले नाही तरी शोध संपत नाही, कारण अल्टरनेटर आणि स्टार्टर यांच्याकडे जाणाऱ्या जाड तारा फ्यूजपेटीतील लहान फ्यूजमधून जात नाहीत. अल्टरनेटरमध्ये निर्माण होणारी उलटसुलट वीज एकाच दिशेला वळवण्यासाठी डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे प्रवाहाला एकाच बाजूने जाऊ देणारा अर्धवाहक घटक. त्यांपैकी एक फुटला की दिवसा चार्जिंग थोडे कमी होते, परंतु व्होल्टेज पुरेसे दिसत राहते, आणि रात्री बॅटरीतील वीज त्याच वाटेने उलटी परत जाते. एकच भाग जमाही घटवतो आणि खर्चही वाढवतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सर्वांआधी अल्टरनेटरच्या पाठीला हात लावून पाहण्याची काही जुन्या वायरमनांची रीत आहे: इंजिन थंडगार असताना अल्टरनेटर कोमट लागला, तर वेगळ्या पुराव्याची गरज राहत नाही. फ्यूजपेटीतील रिलेंबाबतही हाताचा हाच स्पर्श कामी येतो, कारण रिले हा विद्युतचुंबकावर चालणारा स्विच असतो आणि त्याची वेटोळी वीज घेत असली की तो तापतो.

महाराष्ट्रातील गॅरेजांत आढळणाऱ्या कारणांत मागाहून बसवलेली उपकरणे सर्वांत पुढे असावीत, असे या क्षेत्रातील माणसे एकमुखाने सांगतात. उपकरणाचा दोष त्यात क्वचितच असतो, दोष असतो जोडणीचा: किल्लीबरोबर बंद होणारी तार शोधण्याचे कष्ट टाळून कायम विजेच्या तारेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर जोडला, तर तो रात्रंदिवस वीज घेणारच. त्याखालोखाल पावसाळा. जून ते सप्टेंबर या काळात दाराच्या जोडांत, मागच्या दिव्यांत आणि पायाखालच्या गालिच्याच्या खाली पाणी शिरते, तांब्यावर हिरवट गंज चढतो, आणि एरवी न जुळणाऱ्या दोन टोकांत ओलीमुळे प्रवाहाची वाट तयार होते. उंदीर याच दिवसांत बॉनेटखाली आसरा घेतात व तारांचे वेष्टन कुरतडतात. या दोषांचे वैशिष्ट्य असे की गाडी उन्हात तासभर उभी राहिली की ते नाहीसे होतात. त्यामुळे पावसात भिजणारी गाडी तपासायची तर ती कोरडी करून, छपराखाली घेऊन तपासण्यात अर्थ नसतो.

मधूनच येणाऱ्या गळतीपुढे तर अनुभवी माणसालाही हार मानावीशी वाटते. ग्लोव्हबॉक्सचे झाकण खडबडीत रस्त्यावर किंचित सैल होऊन आतला दिवा पेटतो आणि पुढच्या झटक्यात विझतो. दाराच्या कुलपातील छोटा स्विच थंडीत अडकतो व दुपारी सुटतो. अशा वेळी नोंद ठेवणारा मीटर रात्रभर जोडून ठेवणे आणि सकाळी प्रवाहाचा आलेख पाहणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. मध्यरात्रीनंतर दर वीस मिनिटांनी प्रवाह उसळलेला दिसला, तर कोणता तरी नियंत्रक जाळ्याला वारंवार उठवत आहे हे कळते. दिवा आत पेटतो की नाही हे पाहण्यासाठी मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा डिकीत बंद करून ठेवण्याची साधी युक्तीही बऱ्याचदा पुरेशी ठरते.

आणि काही वेळा दोष सापडत नाही, कारण तो नसतोच. मार्च २०२० मधील टाळेबंदीत लाखो गाड्या आपापल्या जागी आठवडेच्या आठवडे उभ्या राहिल्या आणि टाळेबंदी शिथिल होताच गॅरेजांकडे बॅटरी उतरल्याच्या तक्रारींची रीघ लागली. त्यांतील बहुसंख्य गाड्यांत कोणताही बिघाड नव्हता, पस्तीस मिलिअँपिअरने आपला हिशेब पूर्ण केला होता. घरून काम करण्याची पद्धत रुळल्यानंतर पुण्या-मुंबईतील अनेक गाड्या रविवारपुरत्याच बाहेर पडू लागल्या, आणि तेव्हापासून या प्रकारची तक्रार नित्याची झाली. त्यावर उपाय म्हणून दर दोन दिवसांनी पार्किंगमध्ये पाच मिनिटे इंजिन चालू ठेवले जाते, परंतु त्याने फारसे साधत नाही. शिसे-आम्ल बॅटरी रिकामी असताना वीज भराभर स्वीकारते आणि भरत आली की स्वीकारण्याचा वेग मंदावत जातो. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. पाच मिनिटांच्या निष्क्रिय चालण्यात तेवढ्या दिवसांचा खर्चही पुरता भरून येईलच असे नाही, आणि छोट्या फेऱ्यांवरच जगणारी बॅटरी कायम अर्धपोटी राहून सल्फेशनकडे झुकते. आठवड्यातून एकदा तास-दीड तासाचा सलग प्रवास, किंवा ते शक्य नसेल तर पार्किंगमध्ये लहान क्षमतेचा स्वयंचलित चार्जर, हे दोन उपाय रसायनाशी सुसंगत आहेत. गाडी महिनाभर बंद ठेवायची असेल तर ऋण टर्मिनल काढून ठेवावे, मात्र म्युझिक सिस्टिमचा सांकेतिक क्रमांक आणि खिडक्यांची मांडणी नंतर पुन्हा करावी लागेल याची कल्पना मालकाला आधीच द्यावी.

विदर्भातील गाड्यांबाबत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. तापमान दहा अंश सेल्सियसने वाढले की बॅटरीची आपोआप उतरण्याची गती साधारण दुप्पट होते, आतील जाळी झिजते आणि पाणी उडून जाते. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात बॉनेटखाली बॅटरीचे जे नुकसान होते ते त्या वेळी लक्षात येत नाही, कारण गरम इंजिन सहज फिरते. डिसेंबरातील पहिल्या थंड सकाळी इंजिनाचे तेल घट्ट होते, स्टार्टरला अधिक प्रवाह हवा असतो, आणि त्या दिवशी बॅटरी हात टेकते. मालक थंडीला दोष देतो आणि गळतीच्या शोधात गॅरेजात येतो. बॅटरीवर छापलेला उत्पादनाचा महिना व वर्ष पाहिले आणि भार देऊन चाचणी घेतली, की येथे मात्र बॅटरीच बदलायची आहे हे स्पष्ट होते. जुनी बॅटरी या वेळी अधिकृत विक्रेत्याकडेच परत जावी, असा आग्रह धरणे योग्य आहे. वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून लागू आहेत, आणि उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवणाऱ्या भट्ट्यांच्या परिसरातील मुलांच्या रक्तात जे विष उतरते त्याची किंमत कोणत्याही भंगाराच्या भावात धरलेली नसते.

दुरुस्ती झाल्यावर खातरजमेसाठी तीच मोजणी पुन्हा करावी लागते: बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून, गाडी लॉक करून, झोपू देऊन प्रवाह पाहायचा, आणि शक्य असल्यास गाडी एक रात्र ठेवून सकाळचे व्होल्टेज घ्यायचे. हे आकडे पावतीवर लिहून देण्याची प्रथा मोजक्या गॅरेजांत आहे; ती सर्वत्र असायला हवी. विसावलेल्या बॅटरीचे व्होल्टेज, झोपलेल्या गाडीचा प्रवाह आणि तो स्थिरावायला लागलेला वेळ, चार्जिंगचे व्होल्टेज, बॅटरीचे वय आणि मागाहून बसवलेल्या उपकरणांची यादी, एवढे त्या कागदावर तारखेसह असले, तर दोन वर्षांनी दुसऱ्या गावातील दुसऱ्या वायरमनाकडे ती गाडी गेली तरी त्याला त्या विशिष्ट गाडीचा वाजवी खर्च किती हे आधीच ठाऊक असते, आणि तो थेट फरकाच्या शोधाला लागू शकतो.